हंसांनी प्यायलेली विहीर

२ मार्च

ती. वन्सं,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघूनच तुमच्या भुवया वर चढल्या असतील. चढू द्या, पण वाचा. फोन केला की माझा आवाज ऐकून तुम्ही "राँग नंबर" म्हणता, आणि तेही इतक्या शांतपणे, की मागच्या वेळी मलाच वाटलं, खरंच चुकला की काय. पत्राला राँग नंबर म्हणायची सोय नाही.

काम आहे म्हणून लिहितेय, नाहीतर मलाही काही हौस नाही. परसातली विहीर बुजवायची आहे. त्याला तुमचा होकार हवा.

गल्लीतल्या सगळ्यांच्या विहिरी बुजल्या, आपली एकटी उरली. पाणी तुम्ही गेलात तेव्हा होतं त्याहून वाईट झालंय. चहा तर सोडाच, भांडी विसळली तरी पांढरे डाग पडतात. प्यायला नळाचं येतं तेवढं पुरवून पुरवून वापरतो. विहिरीवर नुसते डास. तिकडे आमच्या हॉटेलच्या जुन्या इमारतीतले बाथटब फोडायचं काम निघालंय, आणि जो मलबा नेईल त्याला तो फुकट, वर ट्रकही त्यांचाच. मी नाव घालून ठेवलंय. विहिरीच्या जागेवर तुमच्या बंधुराजांच्या दुकानाला छान शेड निघेल. सध्या लोकांचे पंखे आणि मिक्सर माझ्या जेवणाच्या टेबलावर दुरुस्त होतात. काल ताटात स्क्रू निघाला.

मी म्हटलं, वन्सं डोंगरात जाऊन बसल्या, त्यांना काय पडलंय विहिरीचं, बुजवून टाकू. पण लग्नापासून ज्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही, ते तुमचे बंधुराज म्हणाले, "ताईच्या तोंडून हो आल्याशिवाय विहिरीत खडा पडणार नाही." आणि पुन्हा पंख्यात डोकं घातलं. म्हणून हा कागद काळा करतेय.

विहीर तुमच्या वडिलांनी खणली, तुम्ही तिच्या काठावर लहानाच्या मोठ्या झालात, सगळं कबूल. ती हॉटेलमुळे नासली, तेही कबूल. तुम्ही गल्लीतल्या बायकांबरोबर रिकाम्या घागरी घेऊन हॉटेलच्या फाटकाशी उभ्या राहिलात, आणि मी त्याच फाटकातून, तुमच्या समोरून, हॉटेलचा निळा कोट घालून लाँड्रीत गेले. जाणारच. माझी पाळी होती, आणि घर त्या कोटावरही चालतं. पण घरी आल्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी विसरलेले नाही. "तू ना गोडी, ना खारी. मचूळ आहेस, मचूळ!" माणसाचा पाणउतारा करायलासुद्धा पाण्यातलाच शब्द शोधलात. शाळेतल्या बाई शोभता खऱ्या.

असो. हो की नाही एवढंच कळवा. एका अक्षराचं काम आहे.

तुमची (अजून तरी) भावजय


१९ मार्च

ती. वन्सं,

एक अक्षर मागितलं होतं, तेही नाही. ठीक आहे. तुम्ही मला पाण्यात पाहता हे माहीत आहे, पण ट्रकवाल्याने काय पाप केलंय? तो रोज विचारतो.

तोवर इकडची बातमी सांगते, तुम्हाला आवडेल. टब काढतायत ती मला वाटलं नवी फॅशन असेल. तसं नाही. वन्सं, हॉटेलचंच पाणी खारं झालंय! आपल्या भिंतीलगतची ती मोठी बोअर आहे ना, तिला आता समुद्र लागलाय. माझ्या लाँड्रीत साबण दुप्पट ओतला तरी फेस म्हणून येत नाही. टॉवेल वाळले की पत्र्यासारखे उभे राहतात. एका पाहुण्याने तक्रार केली की तोंड पुसताना गाल सोलला. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगू? मला आतून जरा बरं वाटलं. आपल्या गल्लीचं पळालं तेव्हा तो गच्चीवर बसून लिंबूपाणी पीत होता.

तर त्याने एक इंजिनीअरबाई बोलावलीय, पाण्याचीच. एवढीशी मूर्ती, पायात गमबूट, आणि दिसेल ते झाकण उघडून आत बघायचं हा एकच छंद. प्रत्येक मजल्याला वेगळं मीटर बसवलं. मग म्हणाली, कुठेतरी पाणी मुरतंय. आपण म्हणतो तसं नव्हे, खरोखरच मुरतंय म्हणाली. सगळ्या फ्लशच्या टाक्यांत निळा रंग टाकून बसली. न ओढताच भांड्यात निळं उतरलं की टाकी गळकी. पाहुण्यांना सांगायचं मात्र सगळे विसरले. एक गृहस्थ आंघोळीच्या झग्यातच खाली धावत आले, "माझ्या संडासात समुद्र आलाय" म्हणून! मी लाँड्रीत तोंडावर चादर धरून हसले.

बाई माझ्याकडेही आली होती. मशीनजवळ उभी राहून बराच वेळ टॉवेल येताना बघत होती. मग म्हणाली, "एवढे टॉवेल का येतात हो?" मी म्हटलं, "लोक अंग पुसतात म्हणून." तिला काही ते पटलेलं दिसलं नाही.

माझं म्हणणं बदललेलं नाही. विहीर बुजवायची. कळवा.

तुमची भावजय


११ एप्रिल

ती. वन्सं,

हे पत्र बसून वाचा. पाणी जवळ ठेवा, नळाचं का होईना.

आमच्या प्रत्येक बाथरूममध्ये एक छोटी पाटी आहे. टॉवेल दांडीवर टांगला म्हणजे मी तोच पुन्हा वापरणार, खाली टाकला म्हणजे धुवायला न्या. माझ्याकडे मात्र रोज सगळ्या खोल्यांचे सगळे टॉवेल येतात. इंजिनीअरबाईने पुन्हा तोच प्रश्न विचारला तेव्हा मी चिडले. म्हटलं, "पाहुणे लबाड असतात, पाटी वाचून मान डोलवतात आणि टॉवेल जमिनीवर फेकतात." ती म्हणाली, "चला, वर जाऊन बघू."

मी कित्येक वर्षांत वर गेले नव्हते. माझं जग तळघरातलं, मशीन, इस्त्री आणि वाफ. तिसऱ्या मजल्यावर खोल्या आवरणाऱ्या बायकांची मुकादम भेटली. उंच आहे, मान पुढे काढून चालते, म्हणून सगळ्या तिला उंटीण म्हणतात, आणि ती हाकेला ओ देते. आम्ही दारात उभ्या राहिलो. बाथरूममध्ये टॉवेल दांडीवर नीट टांगलेला, घडीसुद्धा मोडली नव्हती. उंटिणीने तो काढला आणि गाडीत टाकला. मग दोन नवे कोरे टॉवेल घेतले, पलंगावर बसवले, वळवले, मुडपले, आणि बघता बघता दोन हंस. चोचीला चोच लावून.

बाई म्हणाली, "तो टांगलेला का काढलात?"

उंटीण म्हणाली, "अहो, ओल्या टॉवेलची मान उभी राहत नाही!"

वन्सं, आता हिशेब करा. रोज प्रत्येक खोलीत दोन हंस. पाहुणे झोपायला आले की हंस उचलून जमिनीवर ठेवणार. जमिनीवरचा म्हणजे धुवायचा. ज्याने कुणाच्या अंगावरचा थेंब पुसला नाही, तो टॉवेल रोज माझ्या मशीनमध्ये आंघोळ करतोय. हंस म्हणे दूध वेगळं करतो, पाणी वेगळं करतो. आमचे हंस नुसतं पाणी पीत होते.

आता नीट आठवा. मी या हॉटेलात पहिल्यांदा काम मागायला जायची होते, त्याच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी पुसायचं फडकं हातात घेऊन मला काय शिकवलंत? "नुसती जाऊ नकोस, काहीतरी करून दाखव." शाळेत पोरांना शिकवायचात तो हंस! मी मॅनेजरच्या टेबलावर हातरुमालाचा हंस करून ठेवला आणि तो खूश झाला. नोकरीला लागल्यावर उंटिणीला शिकवला. तिने बाकीच्यांना. तर सांगा वन्सं, आपली विहीर कुणी प्यायली? तुमच्या हंसांनी! मी टेबलावर बसून एकटीच इतकी हसले की तुमचे बंधुराज पंख्यातून डोकं काढून माझ्या कपाळाला हात लावून गेले.

सगळंच काही हंसांनी प्यायलं नाही, हे बाईने मला बजावलंय. पोहायचा तलाव आहे, हिरवळ आहे, टब होते, गळक्या टाक्या होत्या. पण तुम्हाला चिडवायला एवढं पुरे.

ट्रक महिनाअखेरीला येतोय. आता तरी बोला.

तुमची भावजय (आणि शिष्या)


२८ एप्रिल

ती. वन्सं,

आलं! पाकीट आलं! दारातच फोडलं. आत जुन्या कॅलेंडरच्या पानाचा हंस, काय सुरेख मान हो त्याची, आणि दोन ओळींची चिठ्ठी. चिडवल्याशिवाय तुम्ही बोलणार नाही हे मला आधीच कळायला हवं होतं.

पहिली ओळ वाचली. "हंस मुळात कागदाचा, त्या दिवशी फडकं हाताशी होतं म्हणून घेतलं, माझ्या हंसांना बोल लावू नकोस." बरं, नाही लावत.

दुसरी ओळ मात्र लागत नाही. "विहीर" एवढा शब्द दिसतो, पुढे शाई फुटल्यासारखी वाटते. फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढणाऱ्या बाईंचं असं व्हावं याचं मला आश्चर्य वाटलं. तुमच्या बंधुराजांना दाखवलं. ते म्हणाले, "स्पष्ट तर आहे." मी म्हटलं, "चष्मा पुसा." ते माझ्याकडे बघत राहिले, मग चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "खरंच की, काही लागत नाही." गुणी माणूस आहे. हंस खिडकीत ठेवलाय.

आता काय झालं ते सांगते. परवा इंजिनीअरबाई आपल्याकडे आली होती. गल्लीत उघडी विहीर एकच उरलीय हे तिला कुणीतरी सांगितलं. कठड्यावर पोटावर पालथी पडली आणि दोरीला बाटली बांधून खाली सोडली. आधी वरवरचं पाणी काढलं, मग तळाचं. दोन पेले समोर ठेवून म्हणाली, "चव घ्या." मी म्हटलं, "चव घ्यायची काय, दोन्ही मचूळ." तरी घेतली. वन्सं, तळाचं म्हणजे निव्वळ समुद्र, थुंकलेच. आणि वरचं मचूळच, पण गिळता आलं.

तिने समजावून सांगितलं. समुद्राचं पाणी जड, ते खाली बसतं. पावसाचं हलकं, ते त्याच्यावर तरंगतं. आपलं गोडं पाणी कुठे गेलेलं नाही, वर सायीसारखं पातळ उरलंय. हळू काढलं तर साय हाताला लागते. पंप लावून खसकन ओढलं की खालचं खारं वर येतं आणि सगळं एक होतं.

मी विचारलं, "म्हणजे आपलासुद्धा पंप?"

"हॉटेलचा मोठा, तुमचा छोटा," ती म्हणाली. गल्लीत प्रत्येक घरी एक छोटा होता, आठवतं ना.

मग ती म्हणाली, "ही बुजवू नका हो. हॉटेलात आम्ही जे करू त्याचा जमिनीला काही उपयोग होतोय की नाही हे मी बघणार कुठे? सगळीकडे फरशा झाल्यात." आणि तुमचे बंधुराज, जे कुणाशी बोलत नाहीत, ते तिला रहाट कुठे होता ते दाखवायला घेऊन गेले.

म्हणून आज ट्रक दारात आला तेव्हा मी त्याला परत पाठवलं. अर्ध्या फोडलेल्या टबांनी भरलेला होता. म्हटलं, "नणंदेचा होकार आलेला नाही." यात काही खोटं नाही. दुसरी ओळ मला लागलेलीच नाही.

विहिरीबद्दल पुन्हा काही लिहायचं असेल तर घाई करू नका. सावकाश लिहा.

तुमची भावजय


१४ जुलै

ती. वन्सं,

तुमचं कागदाचं कासव मिळालं. त्याआधीचा मासाही मिळाला होता. शब्द एकही नाही, पण प्रत्येक घडी अशी की नखाने दाबून दाबून घातलेली. मी उलगडून बघितली नाहीत, उंटिणीने बघितली आणि परत घातली. तिला तुमच्याबद्दल भलताच आदर वाटायला लागलाय.

आधी ती अडून बसली होती. "कागदाचा हंस म्हणजे दळिद्रीपणा, पाहुणे काय म्हणतील?" पाहुण्यांनी काय केलं माहीत आहे? खिशात घालून घरी नेले! हॉटेलच्या जुन्या जाहिरातींचे गठ्ठे पडून होते, त्यांचेच करतात. टॉवेल दांडीवरच राहतात. आता माझ्याकडे येणारे टॉवेल खरोखर ओले आणि मळके असतात, धुतल्याचं समाधान मिळतं. पूर्वी स्वच्छ कपडा पुन्हा धुताना मला आपण वेडे आहोत असं वाटायचं, पण विचारणार कुणाला.

लाँड्रीत एक नवी टाकी बसली. शेवटच्या विसळणीचं पाणी तिच्यात साठतं आणि पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरतो. माझी आई माझ्या लहानपणी धुणं असंच धुवायची. तेव्हा त्याला कुणी इंजिनीअर लागला नाही. बाईला हे म्हटलं तर म्हणाली, "बरोबर आहे, पण तुमच्या आईकडे मॅनेजर नव्हता." नळांना जाळ्या बसल्या. हिरवळीची निम्मी जागा काढून तिथे झुडपं लावली. गच्चीचं पावसाचं पाणी आजवर नळातून थेट समुद्रात जायचं, ते आता आपल्या भिंतीलगतच्या खड्ड्यात सोडलंय. आणि बोअर बंद केली, वन्सं. तीच, मोठी. मॅनेजर सगळ्यांना असं सांगत फिरतो की जणू हे त्यालाच स्वप्नात दिसलं. फिरू दे.

तुमच्या बंधुराजांनी विहिरीचा पंप काढला. माळ्यावरून रहाट शोधला, तेल पाजलं, नवा दोर लावला. सकाळी दोन बादल्या काढतात, त्याहून जास्त नाही, आणि काढताना पोहरा असा अलगद सोडतात की पाण्याला झोपेतून उठवायचं नाही. मग काठावर चहा घेऊन बसतात. तुमची जागा रिकामी ठेवून बसतात, हे मी खिडकीतून बघितलंय. त्यांना ठाऊक नाही.

मलाही तुमची आठवण येते. झालं, लिहिलं. भांडायला माणूस नाही घरात. त्यांच्याशी भांडलं तर ते सॉरी म्हणतात, मग काय मजा?

पाणी अजून मचूळच आहे. उगाच आशा लावत नाही.

तुमची भावजय


९ ऑक्टोबर

ती. वन्सं,

फेस आला!

नीट सांगते. पेन साबणाने निसटतंय. आज सुट्टी होती. नळाला पाणी नव्हतं आणि तुमच्या बंधुराजांचा रुमाल वंगणाने काळा झाला होता. म्हटलं विहिरीच्या पाण्यात खळबळून टाकू, फार तर काय, निघणार नाही. बादलीत बुडवला, साबण लावला, चोळला. आणि वन्सं, हाताला फेस! पांढरा, जाड, कोपरापर्यंत. मला वाटलं साबणच वेगळा असेल. पुन्हा बुडवला, पुन्हा चोळला. पुन्हा फेस. खाऱ्या पाण्याला साबण कधी दाद देत नाही, आणि उभा जन्म मी साबणात घातलाय, मला कुणी फसवू शकत नाही.

मी तशीच धावत दुकानात गेले, हात वर करून. ते घाबरले, त्यांना वाटलं भाजलं. मी नुसती म्हणत होते, "फेस, फेस!" त्यांनी माझा हात धरून बघितला, आणि मग आम्ही दोघं तिथेच पंख्यांच्या ढिगात बसून रडलो. हो, ते पण. ताईला कळव म्हणाले. म्हणून लगेच लिहायला बसले, रुमाल अजून बादलीतच आहे.

पत्र इथवर आलं आणि राहिलं, आता रात्री पुरं करतेय. संध्याकाळी इंजिनीअरबाई येऊन बघून गेली. मी नाचत होते आणि तिने माझ्यावर पाणी ओतलं, तेही विहिरीचंच. म्हणाली, पाऊस नुकताच सरलाय, सध्या वरची साय जाड आहे. उन्हाळ्यात पुन्हा खारं वर येईल, किती ते तेव्हाच कळेल. किनाऱ्यावर हॉटेल काही एकटं आमचंच नाही, शेजारचं अजून रात्रंदिवस ओढतंय. त्यांच्या मॅनेजरला ती भेटून आली. त्यांच्या खोल्यांत टॉवेलचे हत्ती असतात म्हणे! मी म्हटलं, "हत्ती तर हंसापेक्षा जास्त पिणार." उंटिणीला पाठवायचं ठरलंय, कागदाचा हत्ती शिकवायला. पण तिला सोंड जमत नाही. हे मी सहज लिहितेय.

गल्लीतल्या दोघी-तिघी संध्याकाळी परसात येऊन उभ्या राहिल्या. फाटकाशी तुमच्या शेजारी घागर घेऊन उभ्या होत्या त्याच. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नव्हत्या. एकीने बादलीत हात घालून साबण चोळून बघितला. मग म्हणाली, "तुझी नणंद असती तर आज..." आणि बादलीत पुन्हा हात घातला. मीही घातला.

तुमची भावजय


२३ नोव्हेंबर

ती. वन्सं,

कागदाचा हत्ती मिळाला. सोंड बघून उंटिणीने लगेच घड्या मोजायला घेतल्या. शेजारच्या हॉटेलात आता तोच शिकवतायत. चिठ्ठी नव्हती. मी पाकीट उलटं करून झटकून बघितलं.

हे पत्र आणि सोबतची बाटली इंजिनीअरबाईच्या हातून येतेय. तिला तुमच्या बाजूला काम निघालंय. बाटलीत आपल्या विहिरीचं पाणी आहे. आज सकाळी तुमच्या बंधुराजांनी काढलं, वरचं, अलगद, मी तीन पदरी फडक्यातून गाळलं. बाईने तपासून सांगितलंय की प्यायला हरकत नाही; तुमचा माझ्यावर नसला तरी तिच्यावर विश्वास बसेल म्हणून लिहितेय.

तुमच्याशी खोटं बोलले तर तुम्हाला घोटागणिक कळेल, म्हणून खरं सांगते. पहिला घोट गोडा लागतो. दुसराही. शेवटी घशाशी किंचित मीठ येतं. तुमच्या लहानपणीचं पाणी हे नाही. ते परत येईल की नाही हे बाईलाही ठाऊक नाही. हे आहे ते मचूळच आहे.

मी या शब्दाचा खूप विचार केला, मशीनजवळ उभी राहून विचार करायला वेळ मिळतो. तुम्ही म्हणालात ना गोडी, ना खारी. तेव्हा झोंबलं. पण वन्सं, मी त्या फाटकाच्या बाहेरचीही आहे आणि आतलीही, त्याला मी काय करू? मला लाँड्री आवडते. गरम चादरीचा वास आवडतो, माझ्या हाताखालच्या पोरी आवडतात. आणि मला ही विहीर पण हवी. मी दोन्हीकडची आहे, आणि खरं म्हणजे मजेत आहे. फक्त काठावरची तुमची जागा रिकामी दिसते तेवढं सोडून. ती बघितली की मजा पुरी होत नाही.

विहीर बुजवायची नाही. हे मी विचारत नाहीये, सांगतेय. निम्मी माझीही आहे, तिच्यापायी मी एवढी पत्रं लिहिली.

बाटलीतलं पाणी चहाला वापरा, नुसतं प्या, झाडाला घाला, तुमची मर्जी. माझं म्हणणं एवढंच की थोडं तरी चाखा, आणि जसं आहे तसं गोड मानून घ्या.

तुमची मचूळ भावजय


२ डिसेंबर

चि. वहिनीबाईंना,

अनेक आशीर्वाद.

बाटली मिळाली. तुझी इंजिनीअरबाई चांगली आहे. फार बोलते. माझ्या नळाचं झाकण उघडून बघत होती, मी हातावर पट्टी मारणार होते.

अर्ध्या पाण्याचा चहा केला. अर्धं नुसतं प्यायले. मचूळ आहे. इथलं डोंगरातलं पाणी स्वच्छ, थंड, गोडं आहे, आणि त्याला कसलीच चव नाही, हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते. तुझ्या पाण्याला आपल्या परसाची चव आहे. पेला खाली ठेवला आणि पदराने डोळे पुसले. डोळ्यांतलंही खारंच होतं, म्हणजे कुठून कुठे किती मीठ गेलं याचा हिशेब लागत नाही.

तुझी सगळी पत्रं वाचली. पुन्हा पुन्हा वाचली. शुद्धलेखन सुधारलं आहे. विरामचिन्हं अजून गचाळ.

एप्रिलमध्ये मी लिहिलेली दुसरी ओळ तुला लागली नाही म्हणतेस. मलाही आता आठवत नाही काय लिहिलं होतं. शाई खरंच वाईट होती.

त्या दिवशी फाटकाशी तू माझ्यासमोरून आत गेलीस तेव्हा मला राग पाण्याचा आला नव्हता. तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस, त्याचा आला होता. झालं, मीही लिहिलं.

शनिवारच्या गाडीने येते. सामान सगळं आणते आहे, तेव्हा माझ्या खोलीत पंखे ठेवले असतील तर भावाला म्हणावं, उचल. सकाळचा पहिला पोहरा मी ओढणार, यावर चर्चा नको. तुझ्या उंटिणीला म्हणावं, सोंडेची तिसरी घडी चुकते आहे, बाईने मला तिने केलेला हत्ती दाखवला. आणि तो निळा कोट घालून तू कामावर निघालीस की मी काठावर बसलेली असेन. माझ्याकडे बघून जा.

माझा स्वभाव तिकडच्या पाण्यावर झालेला आहे, तो इथे येऊन काही सुधारला नाही. मी आहे तशीच येणार आहे. गोड मानून घे.

तुझी नणंद